आधी पाणी ओळखा, मग औषध घ्या: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरच्या स्विमिंग पूलचं पाणी कमी खर्चात कसं सांभाळायचं

जांबोटी-कणकुंबीकडची फार्महाऊस, निपाणी-चिकोडीकडचे मळे, बेळगाव शहराच्या कडेला वाढलेल्या नव्या वसाहती, सगळीकडे आता घरचे छोटे पूल दिसू लागले आहेत. कुणी एफआरपीचा (फायबरचा) तयार पूल आणून बसवतं, कुणी गवंड्याकडून विटा-सिमेंटचा बांधून आत टाइल्स लावून घेतं. बांधकामाचा हिशेब पै-पैचा असतो. पाण्याचा मात्र अंदाजपंचे. ठेकेदार जाताना पांढऱ्या टिकल्यांचा एक डबा देतो, आठवड्याला दोन टाका म्हणतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एका घरी पाणी हिरवं पडलेलं असतं, दुसऱ्या घरी टाइल्सवर पांढरा थर बसलेला असतो, तिसऱ्या घरी टाइल्समधलं सिमेंट खाल्लं गेलेलं असतं. डबा तिन्ही घरी एकच होता. पाणी वेगळं होतं.

म्हणून पहिली गोष्ट, आणि पैसे वाचवायच्या दृष्टीने सगळ्यात मोठी: औषधाच्या दुकानात जाण्याआधी आपल्या पाइपातून काय येतं ते ओळखा. आपल्या भागात तासा-दीड तासाच्या रस्त्यात पाण्याची जातच बदलते.

तांबड्या मातीचं पाणी आणि काळ्या मातीचं पाणी

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर तालुक्यात, चोर्ल्याच्या दिशेने जाऊ तसा जांभा दगड आणि तांबडी माती. इथे पाऊस इतका की मातीतला चुना कधीच धुऊन गेलेला. त्यामुळे विहिरीचं, बोअरचं पाणी बहुधा हलकं असतं. क्षार कमी, पीएच (आम्लता सांगणारा आकडा) बऱ्याचदा सातच्या खाली, म्हणजे पाणी किंचित आम्लधर्मी, आणि त्यात लोह. बादलीला तांबूस डाग पडतात, साबणाला मात्र फेस भरपूर येतो.

उत्तरेला आणि पूर्वेला, चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडे काळी माती आणि खाली काळा पत्थर. इथलं बोअरचं पाणी साधारणपणे जड. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच, नळाच्या तोंडाला खवले, साबण फेसाळत नाही. या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं आणि बायकार्बोनेटही.

बेळगाव शहरात नळाला येणारं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं. पृष्ठभागावरचं असल्यामुळे ते बोअरपेक्षा सौम्य. पण उन्हाळ्यात टँकर मागवलात की तो कुणाच्या बोअरचा आहे हे विचारून घ्या, कारण वीस हजार लिटरच्या पुलात आठ हजार लिटर अनोळखी पाणी मिसळलं की आधीचे सगळे आकडे बदलतात.

हे ढोबळ झालं. शेजारच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं असू शकतं, तेव्हा मोजूनच घ्यायचं. आणि एक गैरसमज आधीच दूर करतो. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडचा टीडीएस मीटर इथे उपयोगाचा नाही. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा सांगतो. त्यात चुना किती आणि मीठ किती, हे त्याला कळत नाही.

लिटर मोजा, किट घ्या

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला हजाराने गुणा. पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उथळ टोकाला ०.९ आणि खोल टोकाला १.३ मीटर असेल तर सरासरी खोली १.१ मीटर, म्हणजे १९,८०० लिटर. पुढचे सगळे डोस मी २०,००० लिटरसाठी देतो. तुमचा पूल १०,००० लिटरचा असेल तर निम्मे, ४०,००० चा असेल तर दुप्पट. पीपीएम म्हणजे एका लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्यामुळे २०,००० लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे बरोबर २० ग्रॅम. एवढं लक्षात राहिलं तर दुकानदाराला विचारायची गरज पडत नाही.

किटमध्ये काटकसर करू नका. पिवळा रंग दाखवणारं ओटीओचं स्वस्त किट क्लोरीन आहे की नाही एवढं सांगतं, पण ते एकूण क्लोरीन मोजतं. घाम-लघवीशी जोडलं जाऊन निकामी झालेलं क्लोरीनही त्यात धरलं जातं. गुलाबी रंग दाखवणारं डीपीडीचं किट मोकळं क्लोरीन वेगळं दाखवतं. तेच घ्या, पीएचसाठी फिनॉल रेड असलेलं.

अल्कलिनिटी (अर्थ पुढे येतो) आणि हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, यांसाठी पुलाचं महागडं किट लागतच नाही. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात 'केएच' आणि 'जीएच' नावाची थेंबांची किट मिळतात. केएच म्हणजे अल्कलिनिटी, जीएच म्हणजे हार्डनेस. एका थेंबाला एक अंश धरतात आणि एक अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम. सहा थेंबांना रंग बदलला तर साधारण १०८ पीपीएम. भरायच्या पाण्याचे हे दोन आकडे एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर काढून वहीत लिहून ठेवा.

अंदाज यावा म्हणून: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस २०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे. सिमेंट-टाइल्सच्या पुलाला २०० ते ४०० मानवतो. एफआरपीला त्याहून कमी असला तरी बिघडत नाही.

कोणता आकडा कुठे हवा

अल्कलिनिटी ८० ते १२०. ही पाण्याची सावरून धरण्याची ताकद आहे. ती कमी असली की पीएच जरा काही टाकलं की इकडून तिकडे उडतो, फार असली की पीएच सतत वर चढत राहतो. पीएच ७.२ ते ७.८. मोकळं क्लोरीन २ ते ४. सायन्युरिक आम्ल, म्हणजे उन्हापासून क्लोरीनला वाचवणारं स्टॅबिलायझर, ३० ते ५०.

क्रम असाच ठेवायचा: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. उलट केलंत तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं आणि औषध दुप्पट जातं.

खानापूरकडच्या पाण्याला

समजा अल्कलिनिटी ३० निघाली. ती ८० वर न्यायला खाण्याचा सोडा पुरतो. १० पीपीएम वाढवायला २०,००० लिटरमध्ये सुमारे ३४० ग्रॅम, म्हणजे ५० वाढवायला १.७ किलो. किराणा मालाच्या घाऊक दुकानात सुटा मिळतो. पुलासाठीचा म्हणून वेगळ्या डब्यात विकला जाणारा पदार्थ बहुतेक वेळा हाच असतो, भाव मात्र कितीतरी जास्त. बादलीत विरघळवून पंप चालू असताना सगळीकडे फिरवून टाका. त्याने पीएचही थोडा वर येतो. तरीही ७.२ च्या खाली राहिला तर धुण्याचा सोडा, वासाशिवायचा, एका वेळी १०० ग्रॅम. चार तास पंप चालवून पुन्हा मोजा.

लोहाचं काय? हे पाणी भरून त्यात क्लोरीन टाकलं की ते पाहता पाहता चहासारखं तपकिरी होतं. नवे मालक घाबरतात आणि पाणी सोडून देतात. सोडू नका. लोह पाण्यात विरघळलेलं होतं ते क्लोरीनने गंज होऊन बाहेर पडलं, एवढंच झालं. पोहायला सुरुवात करण्याआधी हे मुद्दाम एकदा घडवून आणा. सोडा टाकून पीएच ७.४ च्या आसपास आणा, ४ पीपीएम क्लोरीन द्या, दोन तास पंप फिरवा. मग ४०० ग्रॅम तुरटी बादलीत विरघळवून टाका, अर्धा तास फिरवा आणि पंप बंद करून रात्रभर पाणी हलवू नका. सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नको. तुरटीने अल्कलिनिटी दहाएक पीपीएम उतरते, ती सोड्याने भरून काढा. पुढे पाणी वाढवताना आधी वरच्या टाकीत रात्रभर राहू द्या आणि तळचं सोडून वरचं घ्या.

या पाण्याला कॅल्शियमही कमी असतं आणि भुकेलं पाणी सिमेंटमधून ते ओढून घेतं. टाइल्समधल्या रेघा खाल्ल्या जातात त्या याच कारणाने. इथे ब्लिचिंग पावडर आपल्या कामी येते, कारण ती क्लोरीनबरोबर चुनाही देते. रोज २ पीपीएम क्लोरीन ब्लिचिंगने दिलं तर महिन्याला निदान चाळीसएक पीपीएम हार्डनेस आपोआप वाढतो. पूल नवा सिमेंटचा असेल तर तेवढी वाट न पाहता सुरुवातीलाच कॅल्शियम क्लोराइडने हार्डनेस १५० च्या आसपास आणावा, पुढचं ब्लिचिंग भरून काढतं. ५० पीपीएम वाढवायला खवल्यांच्या रूपातलं सुमारे दीड किलो लागतं. विरघळताना ते पाणी गरम करतं, म्हणून बादली अर्धी भरून थोडं थोडं टाका.

निपाणी-चिकोडी-अथणीकडच्या पाण्याला

इथला प्रश्न नेमका उलटा आहे, आणि उन्हाळा तो वाढवतो. एप्रिल-मे महिन्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरा. महिन्याला २१० मिलिमीटर. आपल्या ६ बाय ३ च्या पुलात ते ३,७८० लिटर होतात, जवळजवळ एकूण पाण्याचा पाचवा हिस्सा. उडून जातं ते शुद्ध पाणी. चुना मागेच राहतो. त्या जागी ५०० हार्डनेसचं बोअरचं पाणी भरलंत की महिन्याला सुमारे ९५ पीपीएमची भर. मार्च ते मे एवढ्यात हार्डनेस जवळपास तीनशेने चढतो. टाइल्सवरचा पांढरा थर हा या हिशेबाचाच परिणाम आहे.

तीन उपाय आहेत. पहिला, झाकण. ताडपत्री चालते, पण बाजू घट्ट बांधलेल्या हव्यात आणि घरात लहान मुलं असतील तर ताडपत्रीवर कुणी पाय ठेवू शकणार नाही असं कुंपण आधी हवं. दुसरा, पावसाचं पाणी. जूनमध्ये छताचं पहिलं पाणी सोडून द्या आणि नंतरचं पुलात वळवा. त्यात हार्डनेस जवळजवळ नसतोच, आणि या भागात यापेक्षा स्वस्त औषध नाही. तिसरा, पीएच ७.२ ते ७.४ आणि अल्कलिनिटी ६० ते ८० अशी खालच्या बाजूला धरून ठेवणं. मग चुना जास्त असूनही विरघळलेलाच राहतो.

अल्कलिनिटी उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुण्याच्या बाटलीतलं पातळ अ‍ॅसिड नको, त्यात रंग आणि वास मिसळलेला असतो. कारखान्यांना माल देणाऱ्या केमिकलच्या दुकानात, बेळगावात असाल तर उद्यमबागच्या बाजूला चौकशी करून, ३० ते ३३ टक्क्यांचं मागा. २०,००० लिटरमध्ये १० पीपीएम अल्कलिनिटी उतरवायला सुमारे ४०० मिली लागतं. नुसता पीएच ७.८ वरून ७.४ करायचा असेल तर २०० मिलीने सुरुवात करा. एकदम ओतू नका. पीएच ७.० च्या खाली जाऊ न देता थोडं थोडं द्या. मग पाणी परत येणारं नोझल वर वळवून पृष्ठभाग खळखळता ठेवा. हवा लागली की पीएच आपोआप वर येतो आणि अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. मग पुढचा डोस. दोन-तीन दिवस लागतात, घाई नको.

आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ.

क्लोरीन: कोणतं घ्यावं

२०,००० लिटरमध्ये १ पीपीएम मोकळं क्लोरीन द्यायला लागणारं प्रमाण असं:

- १० टक्क्यांचं द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट): २०० मिली
- ३३ टक्क्यांची ब्लिचिंग पावडर: ६० ग्रॅम
- ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट: ३१ ग्रॅम
- ९० टक्क्यांच्या टीसीसीए टिकल्या (ठेकेदाराच्या डब्यातल्या पांढऱ्या): २२ ग्रॅम

भाव किलोचा बघू नका, क्लोरीनचा बघा. समजा ब्लिचिंग ४० रुपये किलो, हायपो १५ रुपये लिटर आणि टिकल्या ३०० रुपये किलो आहेत. तर १०० ग्रॅम प्रत्यक्ष क्लोरीनला ब्लिचिंगमधून १२, हायपोमधून १५ आणि टिकल्यांतून ३३ रुपये पडतात. तुमच्या दुकानाचे आजचे भाव घालून हाच हिशेब करा.

टिकल्या महाग आहेत, पण पहिल्या महिन्यात मी त्याच वापरा म्हणेन. कारण वजनाने निम्म्याहून अधिक भाग त्यात सायन्युरिक आम्लाचा असतो. ते नसेल तर आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात क्लोरीन दोन तासांत बहुतेक उडून जातं. २०० ग्रॅमच्या पाच-सहा टिकल्या, तरंगत्या डब्यातून, पहिल्या तीन-चार आठवड्यांत विरघळल्या की स्टॅबिलायझर ३० वर येतं. ते वेगळं विकत घ्यावं लागत नाही.

पण मग थांबायचं. हे आम्ल उडून जात नाही, पाण्यात साठतच राहतं. टिकल्याच चालू ठेवल्या तर महिन्याला ३५ पीपीएमने वाढतं, शंभरच्या वर गेलं की तेच क्लोरीन इतकं घट्ट धरून ठेवतं की किटमध्ये रंग दिसतो आणि तरी शेवाळ वाढतं. 'क्लोरीन आहे तरी पाणी हिरवं' ही तक्रार बहुतेक ठिकाणी यातून येते, आणि तेव्हा पाणी बदलण्यावाचून इलाज नसतो. किती टिकल्या गेल्या त्याची नोंद वहीत ठेवा. टिकल्या आम्लधर्मी असल्याने खानापूरकडच्या हलक्या पाण्यात त्या वापरताना दर आठवड्याला अल्कलिनिटी बघावी लागते. निपाणीकडच्या पाण्यात हाच गुण सोयीचा ठरतो.

त्यानंतर तांबड्या मातीच्या पाण्याला ब्लिचिंग, काळ्या मातीच्या पाण्याला हायपो. जड पाण्यात ब्लिचिंग टाकणं म्हणजे पैसे देऊन आणखी चुना ओतणं आहे. ब्लिचिंग वापरताना प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर. ढवळून तासभर ठेवा आणि वरचं निवळ तेवढंच पुलात ओता. पावसाळ्यात उघडी राहिलेली थैली दमट होऊन निकामी होते, म्हणून छोटी पाकिटं घ्या. हायपो उन्हात ठेवलं तर महिन्या-दीड महिन्यात जोर बराच गमावतं. कॅन सावलीत ठेवा, दोन महिन्यांचा साठा करू नका.

उन्हाळ्यात रोज साधारण २ पीपीएम लागतं, म्हणजे ४०० मिली हायपो किंवा १२० ग्रॅम ब्लिचिंग. सूर्य मावळल्यावर टाका, रात्रभर काम करतं. पाहुणे, मुलं, वाढदिवस असेल त्या दिवशी दीडपट.

पंप, वीज आणि उसाची राख

पाणी न फिरता नुसतं औषध टाकून उपयोग नाही. २०,००० लिटरला ताशी ५,००० लिटर फिरवणारा पंप असेल तर चार तासांत एक फेरा. उन्हाळ्यात दोन फेरे, थंडीत एक. मळ्यातल्या थ्री-फेज लाइनला वीज ठरावीक तासच असते, म्हणून पुलाचा पंप शक्यतो घराच्या सिंगल-फेजवर चालेल असाच घ्या. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा आठ-दहा पीएसआयने चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुणं. त्याआधी उगाच करू नका, पाणी वाया जातं.

गाळपाचा हंगाम सुरू झाला, फडात पाचट पेटलं की काळी राख उडून पुलात येते. राख खारी असते, पीएच वर नेते आणि शेवाळाला खाद्य देते. जाळीने लगेच काढा, त्या आठवड्यात पीएच एक दिवसाआड बघा.

पावसाळा

१०० मिलिमीटर पाऊस म्हणजे आपल्या पुलात १,८०० लिटर, एकूण पाण्याच्या नऊ टक्के. खानापूरच्या पश्चिमेला जुलैत असे दिवस एकामागून एक येतात. पाणी ओसंडून जातं आणि त्याबरोबर सोडा, कॅल्शियम, स्टॅबिलायझर सगळं जातं. तेव्हा जून ते सप्टेंबर अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा, जोरदार पावसानंतर लगेच. पोहणं होत नसलं तरी पंप दोन-तीन तास फिरला पाहिजे, क्लोरीन १ च्या खाली जाता कामा नये. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि त्याचा त्रास आपल्याच नव्हे, शेजारच्या घरांनाही होतो.

हिरवं पडलंच तर

मोरचूद टाकू नका. बोर्डो मिश्रणासाठी ते मळ्यात हाताशी असतं आणि शेवाळ मारतंही, पण तांबं पाण्यात साठतं, सिमेंटवर निळे-काळे डाग पडतात, फिक्या केसांना हिरवी झाक येते.

त्याऐवजी पीएच ७.२ वर आणा. स्टॅबिलायझर ३० असेल तर क्लोरीन १२ पीपीएमवर न्या, म्हणजे एकदम २.४ लिटर हायपो. भिंती ब्रशने घासा, पंप अखंड चालवा. दिवसातून तीन-चारदा मोजून पुन्हा १२ वर आणत राहा. पाणी हिरव्याचं दुधाळ निळं होतं आणि मग निवळतं. रात्री सूर्य मावळल्यावर एकदा मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी घटलं असेल आणि तळ स्वच्छ दिसत असेल तर काम झालं. क्लोरीन ४ वर उतरेपर्यंत पोहू नका.

साठवण आणि जुनं पाणी

टिकल्या आणि ब्लिचिंग एकत्र मिसळले तर आग लागते, स्फोट होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच मग, एकच तरंगता डबा वापरू नका. क्लोरीनच्या कोणत्याही पदार्थावर आम्ल सांडलं तर विषारी वायू निघतो. आपल्याकडे हे सगळं सहसा खताच्या खोलीत जातं आणि तीच सगळ्यात चुकीची जागा आहे. युरिया, डिझेल, कीटकनाशक यांच्याजवळ क्लोरीन ठेवूच नका. वेगळी, कोरडी, हवा खेळणारी, कुलूप लागणारी जागा हवी, आणि आम्ल त्यातही दूर, जमिनीलगत.

बॅकवॉशचं किंवा बदललेलं पाणी विहिरीच्या बाजूला किंवा ओढ्यात सोडू नका. क्लोरीन टाकणं थांबवून चार-पाच दिवस उन्हात राहू द्या. मग ओटीओचा थेंब टाकून पाहा, पिवळी झाक अजिबात उमटली नाही तरच ते पाणी नारळाला, गवताला द्या. काळ्या मातीत उन्हाळाभर आटलेलं जड पाणी मात्र भाजीच्या वाफ्यात नको, तिथे क्षार आधीच पुरेसा आहे.